गोष्ट लिहून पदवी मिळते का?



माझी नात इथली पदवी घेऊन आता पुढच्या शिक्षणासाठी सिंगापूरला जायचे म्हणते. विषय विचारला तर म्हणाली, "सावता, आजचे साहित्य आणि लेखन." मी तीस वर्षे शाळेत शिकवले, तरी मला प्रश्न पडला. गोष्टी लिहून विद्यापीठाची पदवी मिळते? आमच्या वेळी अकरावीला निबंध लिहीत असू, पण लेखक जन्मावा लागतो असेच मानत असू. तुम्हालाही हा प्रश्न पडेल, म्हणून मला जे समजले ते सांगते.

सिंगापूर आपल्याला अगदी परके नाही. तिथले माघेन अबोथ सिनेगॉग १८७८ सालचे. १९५५ मध्ये तिथले पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल हे बगदादी यहुदी. १९६५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि मलय, चिनी, तमिळ व इंग्रजी या चार भाषा राजमान्य झाल्या. त्या पहिल्या वर्षांत पंतप्रधान ली क्वान यू यांनी विद्यार्थ्यांना सांगितले होते की कविता ही चैन आहे, ती आपल्याला परवडणार नाही. आज त्याच देशात कवितासंग्रह लिहून डॉक्टरेट घेता येते.

हा बदल शिक्षकांनी घडवला. आपले निसिम इझिकेल मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवीत आणि कविताही लिहीत. तसेच सिंगापूरचे एडविन थंबू. वडील तमिळ, आई चिनी. त्यांनी आफ्रिकेतल्या इंग्रजी कवितेवर प्रबंध लिहिला आणि हयात कवींच्या कविताही विद्यापीठात अभ्यासायच्या असतात हे विद्यार्थ्यांना शिकवले.

आता हे शिक्षण चालते कसे? एम.ए.च्या वर्गात मोजके विद्यार्थी असतात. प्रत्येकाने आपली पाने आधी वाटायची, इतरांनी ती वाचून यायचे. चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने बहुधा गप्प बसून ऐकायचे. मग घरी जाऊन पुन्हा लिहायचे. डॉक्टरेटचे साधारणपणे दोन भाग असतात. एक, स्वतःची कादंबरी, कथा किंवा कविता. दुसरा, त्याच विषयावर इतरांनी काय लिहिले आणि आपण काय वेगळे केले याचा प्रबंध. परीक्षक दोन्ही तपासतात. म्हणजे नुसती गोष्ट लिहून भागत नाही.

हे शिक्षण देणाऱ्या नानयांग विद्यापीठाच्या जागेची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात तिथे चिनी माध्यमाचे विद्यापीठ उभे राहिले. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांनीसुद्धा आपली कमाई त्यासाठी दिली. १९८० मध्ये ते दुसऱ्या विद्यापीठात विलीन झाले आणि चिनी माध्यम गेले. आज त्याच आवारात इंग्रजीतून लेखन शिकवले जाते. तिथे शिकवलेले कवी बोये किम चेंग १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाला स्थलांतरित झाले होते, बऱ्याच वर्षांनी परतले. २०१७ मध्ये त्यांची कादंबरी आली ती आठव्या शतकातल्या दू फू या चिनी कवीवर, युद्धामुळे घर सोडून भटकणाऱ्या माणसावर. भाषा इंग्रजी, पण आतला माणूस चिनी.

हे वाचल्यावर मला नातीचे बोलणे कळले. ती हिब्रू किंवा इंग्रजीत लिहील, पण लिहिणार आहे ती रेवदंड्याच्या आमच्या घराविषयी. मागच्या आठवड्यात तिने मलिद्याच्या ताटाबद्दल विचारले. पोहे, खोबरे, गूळ, फळे, मी भराभर सांगितले. मग तिने माझ्या आजोबांच्या तेलाच्या घाण्याबद्दल विचारले, त्याच्या एकेका भागाला काय म्हणत? मला फक्त 'लाट' आठवली. माझ्या थोरल्या भावाला सगळी नावे येत होती. तो गेल्या वर्षी वारला.

वर्गात शिक्षक वाक्य कसे सुधारायचे ते शिकवतील. घाण्याच्या भागांची नावे त्यांच्याकडे नाहीत, ती आपल्याकडे आहेत. माझी आता एक वही आहे. रोज जेवणानंतर आठवेल तो शब्द मी मराठीत लिहिते आणि शेजारी हिब्रूत अर्थ देते. तुमच्यापैकी कुणाला घाण्याची नावे आठवत असतील, तर मासिकाकडे जरूर लिहून पाठवा. नात ऑगस्टमध्ये निघते.