बंदुकीचा परवाना वेगळा, रानडुकराचा वेगळा



भात पोटरीत आला, मका दुधावर आला, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या की रानडुकरांचे कळप शिवारात कसे उतरतात ते आपणांस सांगावयास नको. खाण्यापेक्षा नासधूसच अधिक. त्यामुळे पीकपाहणीला गावात गेलो की खतांच्या आणि किडींच्या प्रश्नांआधी हल्ली एक प्रश्न हमखास येतो, “साहेब, बंदुकीचा परवाना मिळतो का?”

मिळतो. पण या प्रश्नामागे बहुतेक वेळा एक समजूत दडलेली असते, ती अशी की बंदूक हाती आली म्हणजे जनावर मारावयास मोकळीक झाली. ही समजूत साफ चुकीची आहे. बंदूक बाळगण्याचा कायदा एक आणि जनावर मारण्याचा कायदा दुसरा. पहिल्याचा कागद जिल्हाधिकारी कचेरीतून मिळतो, दुसऱ्याचा वनखात्याकडून. एक कागद जवळ असून दुसरा नसल्यामुळे चांगल्या घरचे लोक कोर्टाच्या फेऱ्यात सापडतात.

आधी बंदुकीचे पाहू. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम चालतात. शस्त्रांचा विषय घटनेने केंद्राकडे दिलेला असल्यामुळे कायदा सर्व राज्यांना एकच आहे. आपली मुले नोकरीनिमित्त अमेरिकेत आहेत, ती फोनवर तिकडच्या गोष्टी सांगतात. तिकडे प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. टेक्सास राज्यात तर १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्यावाचून कमरेला पिस्तूल लावून फिरता येते. ते ऐकून इकडे कोणी तसा विचार करू नये. बंदूक बाळगणे हा आपल्याकडे हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. विनापरवाना बंदूक सापडली तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व वर दंड.

शेतकऱ्याच्या फायद्याची गोष्टही या कायद्यात आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्पष्ट उल्लेख आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. तेव्हा दोन एकरवाल्याने संकोच धरू नये. वय २१ पूर्ण हवे. अर्जासोबत सातबारा आणि नुकसानीचे जुने पंचनामे असतील तर ते जोडावेत. नंतर पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. नकार आला तर कारणे लेखी मागावीत. कलम १८ खाली अपील करता येते. दलालाला पैसे चारण्याची गरज नाही, आणि चारल्याने परवाना पक्काही होत नाही.

आता दुसरा कागद. वन्यजीवांचा विषय १९७६ च्या घटनादुरुस्तीने केंद्र आणि राज्ये या दोघांच्या सामाईक यादीत आला. म्हणूनच कायदा १९७२ चा एकच असला तरी अंमल राज्याराज्यांत निराळा दिसतो. बिहारात २०१५ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेने नीलगाय व रानडुक्कर काही जिल्ह्यांत उपद्रवी ठरले होते. मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेच्या वर नीलगायी मारल्या गेल्या आणि त्यावरून केंद्रातल्या मंत्र्यांतच जाहीर वाद झाला. ती अधिसूचना मुदतीची होती. केरळात २०२२ पासून ग्रामपंचायतीच्या प्रमुखाला रानडुक्कर मारण्याचा आदेश देण्याचा अधिकार दिला गेला. गोळी मात्र परवानाधारकानेच घालावयाची. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याची गोष्ट तर सर्वांहून वेगळी. तेथील कोडवा लोक आणि जम्मा जमिनीचे धारक यांना बंदुकीच्या परवान्यातूनच सूट आहे. ही सूट इंग्रजी अमदानीपासून चालत आलेली असून २०१९ मध्ये केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढविली व २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. कैल मुहूर्ताच्या सणाला तेथे घरोघरी बंदुकीची पूजा होते. परंतु लक्षात घ्या, सूट बंदुकीपुरती आहे. जनावर मारले तर कोडव्यालाही वन्यजीव कायदा लागू होतोच.

या हकिकती सांगण्याचे कारण असे की मोबाईलवर कोठल्या तरी राज्यातील बातमी येते, “रानडुक्कर मारावयास परवानगी”, आणि ती वाचून आमच्याकडचा माणूस रात्री शेतात उतरतो. बातमी खरी असते, पण ती त्या राज्याची, त्या जिल्ह्याची आणि तेवढ्या मुदतीची असते.

महाराष्ट्रात रानडुक्कर किंवा रोही पिकाची नासाडी करीत असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा. कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचे नुकसान हे परवानगीचे कारण धरता येते, पण परवानगी लेखी हवी. “साहेब हो म्हणाले होते” याला कोर्टात किंमत नाही. काळवीट, गवा, मोर, बिबट्या, हत्ती यांची गोष्ट निराळी. ते पहिल्या सूचीत आहेत आणि तेथे शिक्षा तीन ते सात वर्षे आहे. पिकात काळवीट शिरले म्हणून बंदूक उचलाल तर पीक वाचेल न वाचेल, घरचा कर्ता माणूस मात्र जाईल.

आणखी एक स्पष्टच सांगतो. परवानगीने मारलेले डुक्करही आपले होत नाही, ते सरकारची मालमत्ता. वाडीत वाटे घालून मटण शिजवले की परवानगी असलेला शेतकरीही गुन्हेगार होतो, आणि वाटा घेणारा शेजारीही. याबद्दल गावात चुलीपाशी बोलले जात नाही, म्हणून येथे लिहिले.

आता प्रत्यक्ष हत्याराविषयी. कोकणात, विशेषतः सिंधुदुर्गात, ठासणीच्या बंदुका पुष्कळ घरांत आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, गजाने ठासावयाचे आणि मागे टोपी बसवावयाची. एक बार उडाला की पुन्हा भरण्यास वेळ लागतो, आणि जखमी डुक्कर त्या वेळात माणसावर येते. अनेकजण संध्याकाळी भरलेली बंदूक तशीच खुंटीला टांगून ठेवतात. सकाळी दुसरा कोणी ती रिकामी समजून पुन्हा ठासतो. दुप्पट दारूने नळी फुटते आणि ठासणाऱ्याचा हात जातो. भरलेली बंदूक घरात आणूच नये. नळीत गज घालून पाहिल्यास ती भरलेली आहे की रिकामी ते लगेच कळते, कारण भरलेल्या नळीत गज पूर्ण आत जात नाही.

रात्री ज्वारीत सळसळ झाली की तेथे डुक्करच असेल असे नाही. शेजारचा जागल्या असेल, चुकलेली म्हैस असेल, लघवीला उठलेले पोर असेल. दिसल्याशिवाय चाप ओढू नये. जमिनीवर उभे राहून आडवा बार टाकण्यापेक्षा माळ्यावरून खाली बार टाकावा, म्हणजे चुकलेले छर्रे मातीत जातात. आणि त्या रात्री शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे.

कुंपणात विजेचा प्रवाह सोडणारे आणि डुकरासाठी गावठी बॉम्ब पेरणारे यांच्याविषयी काय लिहावे? कुंपणाला चिकटून स्वतःच्याच घरातली माणसे गेल्याच्या घटना आपण वाचतो. त्यात सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. परवान्याचा खटाटोप नको म्हणून हा मार्ग धरणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

घरातील भगिनींसाठी दोन गोष्टी. बंदूक एका कुलपात आणि दारू, छर्रे, काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत, किल्ल्या मुलांच्या हाती लागू नयेत. दुसरी अधिक महत्त्वाची. परवाना वडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या नावाचा असतो. ते वारतात, दिवस होतात, सातबाऱ्यावर वारसनोंद होते, पण बंदूक भिंतीवर तशीच राहते. सातबाऱ्याप्रमाणे बंदूक वारसाने आपोआप मिळत नाही. परवानाधारक गेला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, मग वारसाने स्वतःच्या नावे अर्ज करावा. नाही तर तीच वडिलोपार्जित बंदूक विनापरवाना हत्यार ठरते. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक २५ वर्षे त्याच्याकडे असेल तर हयातीतच ती वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो. म्हातारपणी डोळे अधू झालेल्यांनी हे अवश्य करावे. परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे आणि परवान्यावर राष्ट्रीय नोंदीचा क्रमांक असावा लागतो. जुन्या वहीत तो आहे का हे आजच पाहावे.

वाटेत बंदूक नेताना ती पूर्ण झाकलेल्या पिशवीत किंवा खोळीत न्यावी, असा २०१६ चा नियम आहे. खांद्यावर उघडी टाकून बाजारातून जाणे नियमाविरुद्ध. लग्नात, मिरवणुकीत बार काढणे तर २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा असून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पीकसंरक्षणाची बंदूक मिरवण्यासाठी दिलेली नसते. परवान्यावर लिहिलेल्या हद्दीतच ती वापरावयाची.

शेवटी निवडणुकीचा प्रश्न, कारण तो दरवेळी येतो. आचारसंहिता लागली की बंदुका जमा करण्याची नोटीस येते आणि ऐन कापणीच्या दिवसांत शेत उघडे पडते. शेतकऱ्यांची ही तक्रार रास्त आहे. जिल्ह्यात यासाठी छाननी समिती असते आणि तिने प्रत्येक परवानाधारकाचा विचार करावयाचा असतो. तेव्हा नोटीस हाती पडताच पिकाची अवस्था, शेताचे ठिकाण आणि पूर्वीच्या नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे लेखी अर्ज द्यावा. अर्ज मान्य झाला नाही तर बंदूक मुदतीत जमा करून पावती जपून ठेवावी. बंदूक जमा असताना नुकसान झाले तर शक्यतो दुसऱ्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्यावा. तोपर्यंत लोळवलेले पीक उचलू नये, पंजांच्या आणि खुरांच्या खुणा तशाच राहू द्याव्यात.