गंजाला जागा जास्त लागते

गेल्या पावसाळ्यात आमची जुनी मोटार कोकणातल्या घरी चार महिने उभीच होती. दिवाळीच्या सुमारास बाहेर काढली, तर ब्रेक लावताच चाकातून खरखर ऐकू येऊ लागली. ब्रेकची डिस्क खराब झाली होती, ती बदलायला हवी होती. चाक काढले, कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला, डिस्कला धरणारा छोटा स्क्रूही काढला. आता डिस्क हाताने ओढली की निघायला हवी, कारण तिला धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. पण ती तसूभरही हलेना. मग कोणीही करील तेच मी केले. मोठी हातोडी आणली.

अर्ध्या तासाच्या ठोकाठोकीनंतर डिस्क निघाली. महिन्याभरात त्याच चाकातून घूं घूं आवाज सुरू झाला. मिस्त्रींनी चाक हाताने फिरवून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, डिस्क निघाली खरी, पण बेअरिंग मारलंत."

वर्षानुवर्षे विज्ञानात काम करणाऱ्या माणसाला हा टोला चांगलाच लागला. डिस्क का अडकली हा साधा प्रश्न मी आधी विचारलाच नव्हता.

चाकाच्या मध्यभागी बेअरिंगवर फिरणारा पोलादी भाग म्हणजे हब. त्याच्या सपाट तोंडावर मधोमध एक गोल उंचवटा असतो. बिडाच्या डिस्कचे मधले भोक या उंचवट्यावर बसते. दोघांमध्ये फट असते ती एका मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी. नवी डिस्क हाताने बसते आणि हातानेच निघते. मग पावसाचे पाणी त्या फटीत शिरते. समुद्राकाठच्या हवेत मीठही असते. मिठामुळे पाण्याची विद्युतवाहकता वाढते आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालते.

आता एक छोटे गणित करू. लोखंडाचा अणुभार ५६ आणि घनता ७.९. म्हणजे एक मोल लोखंड सुमारे ७ घन सेंटिमीटर जागा व्यापते. गंजात आढळणारे एक संयुग म्हणजे गोएथाइट. त्यात लोखंडाच्या एका अणूबरोबर ऑक्सिजनचे दोन व हायड्रोजनचा एक अणू असतो. त्याचा रेणुभार ८९ आणि घनता सुमारे ४.३. म्हणजे तेच लोखंड गंजल्यावर जवळजवळ २१ घन सेंटिमीटर जागा मागते, तिप्पट! मोकळ्या पत्र्यावर हा गंज फुगून पापुद्रे धरतो. फटीत मात्र त्याला फुगायला जागा नसते. तो दोन्ही बाजूंना दाबतो. दाब वाढला की घर्षणही वाढते. डिस्कला धरून ठेवणारे काहीच नाही असे मला वाटत होते, पण तिथे हजारो सूक्ष्म पाचरी ठोकलेल्या होत्या.

हे एकदा समजले की मिस्त्रींच्या प्रत्येक युक्तीमागचे विज्ञान उलगडते.

पहिली युक्ती, पातळ तेल आणि धीर. केशाकर्षणाने तेल फटीत आपोआप शिरते. पण जसजसे ते आत जाते, तसतसा त्याच्या मागच्या तेलाचा चिकट विरोध वाढत जातो. त्यामुळे दुप्पट खोल जायला चौपट वेळ लागतो. दहा मिनिटांत काम झाले नाही म्हणून तेलाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. रात्रभर थांबावे. तेल डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर मात्र जाऊ देऊ नये. गेलेच आणि तीच डिस्क पुन्हा बसवायची असेल, तर ते पूर्ण पुसून काढावे.

दुसरी युक्ती स्क्रूची. पुष्कळ डिस्कांना आटे पाडलेली दोन रिकामी भोके असतात. ती कशासाठी, हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्यांत ८ मिलिमीटरचे बोल्ट पिळले की त्यांची टोके हबवर टेकतात आणि डिस्क बाहेर ढकलली जाते. बोल्टच्या एका फेऱ्यात टोक सव्वा मिलिमीटर पुढे सरकते, तर १५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याचे टोक सुमारे ९४० मिलिमीटर फिरते. बरीचशी ऊर्जा घर्षणात जाते. तरीही पान्यावर १० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावला, तर बोल्ट जवळजवळ ९०० किलोग्रॅम वजनाइतक्या बलाने ढकलतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे पिळावेत, नाहीतर डिस्क तिरकी होऊन अधिकच अडकते.

तिसरी युक्ती उष्णतेची. ६० मिलिमीटर व्यासाचे बिडाचे भोक १०० अंशांनी तापले तर सुमारे ०.०७ मिलिमीटरने मोठे होते. हे फटीच्याच मापाचे आहे. पण हबही तापला तर तोही तितकाच वाढतो. म्हणून फक्त डिस्क आणि तीही झटपट तापवावी लागते. शेजारी ग्रीस, रबर आणि ब्रेकचे तेल असते, आणि पातळ तेल ओतलेल्या जागी ज्योत नेणे म्हणजे आगीला निमंत्रण. हे काम जाणकाराचेच.

शेवटी हातोडी. १ किलोग्रॅमची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन एक सहस्रांश सेकंदात थांबली, तर सरासरी बल ५००० न्यूटन होते, म्हणजे सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाइतके. माफक ठोक्यांच्या धक्क्याने ठिसूळ गंज फुटतो हे खरे. पण तोच धक्का हबमधून बेअरिंगपर्यंत जातो. तिथल्या पोलादी गोळ्या आपल्या खोबणीला अगदी लहानशा जागी टेकतात, आणि तेवढ्या जागेवर बल एकवटले की खोबणीत खळगे पडतात. माझ्या चाकाची घूं घूं तीच. बीडही ठिसूळ असते. तीच डिस्क पुन्हा वापरायची असेल तर तिच्यावर घण घालू नये.

संपूर्ण हब काढायचा असतो तेव्हाही कथा हीच. काही गाड्यांत पोलादी हब ॲल्युमिनियमच्या घरात बसवलेला असतो. खारट पाण्यात या दोन धातूंचा जणू विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजून त्याची पांढरी, फुगीर भुकटी साचते. तिथेही तेल, वेळ आणि स्क्रूचा सरळ दाब हाच क्रम.

डिस्क निघाली की काम संपले असे नाही. हबच्या तोंडावर ०.०५ मिलिमीटरचा गंजाचा कण राहिला, तर नवी डिस्क किंचित तिरकी बसते. मध्यापासून ७ सेंटिमीटरवरचा हा फरक १३ सेंटिमीटरवरच्या कडेला जवळजवळ दुप्पट होतो. काही हजार किलोमीटरांनंतर ब्रेक दाबताना पाय थरथरू लागतो. म्हणून हब तारेच्या ब्रशने लख्ख करावा. आणि हे सारे करताना गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये. भक्कम स्टँड हवाच.

वर्गात हे दाखवायला मोटार लागत नाही. नट-बोल्टच्या तीन जोड्या घ्या. एकीला ग्रीस लावा. तिन्ही मिठाच्या पाण्यात भिजवून ओलसर हवेत महिनाभर ठेवा. मग न लावलेल्यांपैकी एका जोडीवर तेलाचे थेंब टाकून रात्रभर थांबा आणि तिन्ही पान्याने उघडून पाहा. दुसरा प्रयोग टीपकागदाचा. पट्टीचे टोक रंगीत पाण्यात बुडवा. पाणी १, २, ३ आणि ४ सेंटिमीटर चढायला किती सेकंद लागले ते मुलांना टिपू द्या. वेळ आणि उंचीचा वर्ग यांचा आलेख काढला तर बिंदू जवळपास सरळ रेषेत येतील. तेलासाठी रात्रभर का थांबायचे, याचे उत्तर त्या रेषेत आहे.

नवी डिस्क बसवताना मिस्त्रींनी हबच्या उंचवट्यावर ग्रीसचा पुसट हात फिरवला. "पुढच्या वेळी हाताने निघेल," ते म्हणाले. हातोडी मी माळ्यावर ठेवून दिली आहे.