दगडी कमळ पडत का नाही?

सांबऱ्याच्या विमानतळावरून बेळगावात शिरताना बाजारपेठेच्या आधी किल्ला लागतो. त्याच्या आत कमल बसदी हे जैन मंदिर आहे. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने बांधलेली. साल १२०४. मूळ नाव रट्ट जिनालय. तिला दिलेल्या दानांची नोंद करणारे शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ते इथेच असायला हवे होते, असे मला मनापासून वाटते.

गाभाऱ्यात नेमिनाथ, आणि मंडपाच्या छतात उलटे उमललेले दगडी कमळ. पाकळ्या ७२, म्हणजे भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतले प्रत्येकी २४ तीर्थंकर, असे परंपरा सांगते. मला मात्र या कमळाला पेलणारे गणितही तितकेच थोर वाटते.

दगड दाब सोसतो, ताणाला मात्र कच्चा. दोन खांबांवर लांब शिळा आडवी टाकली की तिची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. म्हणून अशा छतांत आधी तुळयांचा चौकोन मांडतात. कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकल्या की अष्टकोन होतो, त्यावर वर्तुळे चढतात. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला. शिळेचा पुढे आलेला भाग कलू नये म्हणून तिची मागची बाजू वरच्या ओझ्याखाली दाबलेली असते. शिवाय वर्तुळातला दगड आत ढळू लागलाच, तर तो शेजारच्या दगडांवर रेटतो आणि कडे आणखी आवळले जाते. भार बहुतांशी सरळ खाली, खांबांत उतरतो.

बसदी उभी राहिली त्याच सुमारास इंग्लंडमध्ये टोकदार कमानींची गॉथिक शैली रुजत होती. पुढे ती खेड्यांतल्या चर्चपर्यंत पोचली. कमान भार खाली नेते, पण बाहेरही ढकलते. म्हणून तिथे भिंतींना बाहेरून दगडी धिरे द्यावे लागले. त्या बदल्यात ऐसपैस सभागृह आणि उंच खिडक्या मिळाल्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हीच शैली बेळगावच्या कॅम्पात, सेंट मेरी चर्चच्या रूपाने आणली. दगड पेलण्याची दोन्ही उत्तरे एकाच गावात आहेत!

बसदीच्या पद्धतीत खांब दाट लागतात, मंडप आटोपशीर राहतो. पायाही पक्का हवा, कारण एक खांब खचला तरी वरचे सांधे उघडतात आणि पाणी आत शिरते. म्हणून तिथे गेलात तर कमळाचा फोटो काढून झाल्यावर भोवतीच्या शिळांचे सांधेही निरखून पाहा.