नोकरी सुटते तेव्हा विम्याचे काय?

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात वाग्भटाचार्यांनी रुग्णाचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत ‘आढ्य’ हा एक आहे. चरकाचार्यांच्या गणनेत तो नाही. उपनगरांत चिकित्सा करणाऱ्या वैद्यास मात्र वाग्भटांचे म्हणणे नित्य पटते. फरक इतकाच, की आजच्या नोकरदार रुग्णाची आढ्यता बहुधा मालकाने काढलेल्या आरोग्यविम्यात असते आणि नोकरीबरोबरच ती जाते.

याचे ठळक उदाहरण अंधेरीचेच आहे. तेथे मुख्यालय असलेल्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. वेतन आधीच थकले होते. त्याच महिन्याच्या अखेरीस कर्मचाऱ्यांची सामूहिक मेडिक्लेम पॉलिसीही हप्त्यासाठी पैसा नसल्याने नूतनीकरणाविना संपली. हजारो कुटुंबांना हा दुसरा आघात पहिल्याहून कमी नव्हता. ज्यांच्या घरी मधुमेही वडील वा हृद्रोगी आई होती, त्यांना तर नव्या विम्याचे दारच अरुंद झाले.

कारण सामूहिक विम्यात पूर्वीपासूनचे व्याधी बहुधा पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. वैयक्तिक विम्यात त्यांसाठी प्रतीक्षाकाल असतो. १ एप्रिल २०२४ पासून तो अधिकाधिक ३६ महिन्यांचा करण्यात आला; पूर्वी ४८ होता. तथापि नोकरी सोडणाऱ्यास त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते. कंपनीच्या स्वीकृती-नियमांच्या अधीन राहून, सामूहिक विम्यात काढलेला काळ प्रतीक्षाकालातून वजा होतो. अट अशी, की मध्ये खंड पडता कामा नये. म्हणून अर्ज राजीनाम्याच्या नोटिशीच्या काळातच करावा. रुग्ण आपल्याकडे येतो तो बहुधा हा काळ उलटून गेल्यावर, हे दुर्दैव.

मुलुंड व कांदिवलीच्या कामगार रुग्णालयांवर विसंबणाऱ्या वर्गाची कथा निराळी आहे. १९४८ च्या अधिनियमाने आलेल्या राज्य विमा योजनेत १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये ही वेतनमर्यादा ठरली. येथे नोकरी न जाता, पगार वाढल्यानेही संरक्षण जाते! मात्र ते तत्काळ जात नाही. एप्रिल ते सप्टेंबर या अंशदानकालात किमान ७८ दिवसांचे अंशदान जमा झाले असेल, तर पुढील जानेवारी ते जून हा लाभकाल मिळतो. पाच वर्षे विमित राहून निवृत्त झालेल्यास किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यास, स्वतःसाठी व पती वा पत्नीसाठी वर्षाला अवघ्या १२० रुपयांत वैद्यकीय लाभ देण्याची तरतूदही नियमांत झाली. भांडुप-मुलुंडचे कारखाने बंद होताना स्वेच्छानिवृत्ती पत्करलेल्या किती जणांना ती कोणी सांगितली असेल? आपल्या परिसरातील वयस्क कामगारास जवळच्या शाखा कार्यालयात चौकशीस अवश्य धाडावे.

आता आपल्या लेखणीचा प्रश्न. नवा विमा काढू पाहणारा रुग्ण वैद्यास हळूच विनवितो, “कागदावर साखर नुकतीच आढळली असे लिहा ना!” त्याची अगतिकता खरी असते. पण दहा वर्षांचा प्रमेह दोन महिन्यांचा लिहिल्याने त्याचे हित होत नाही. पुढे रुग्णालयात दाखल झाल्यावर जुने अहवाल निघतात आणि माहिती दडविल्याच्या कारणावरून दावा फेटाळला जातो. सलग ६० महिने पॉलिसी चालल्यानंतर कंपनीस अशी हरकत घेता येत नाही, परंतु सिद्ध झालेली फसवणूक त्यास अपवाद आहे. खोटी नोंद हा त्या फसवणुकीचाच पुरावा ठरावयाचा, आणि त्याखाली सही आपली असावयाची.

आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने विमासंरक्षण द्यावे, असा विमा नियामक प्राधिकरणाचा आदेश १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. त्यामुळे आपल्या रुग्णपत्रिकांची छाननीही वाढणार, हे उघड आहे.

रुग्णपरीक्षणात आहार, निद्रा, मल-मूत्र विचारतो, त्याच ओघात नोकरी व विम्याची विचारणा व्हावी. व्याधीच्या आरंभाचा काल निश्चित नसल्यास ‘रुग्णाच्या कथनानुसार’ असे स्पष्ट लिहावे. मधुमेहासारख्या व्याधीत प्रयोगशाळेचा पहिला अहवाल मागून घ्यावा आणि त्यावरील तारीखच पत्रिकेत उतरवावी.