मासिकांत जन्मली, संग्रहांत टिकली

एडगर ॲलन पोची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' १८४१ साली एका मासिकात छापून आली. पुढेही अमेरिकी रहस्यकथा वाढली ती मासिकांतच. 'ब्लॅक मास्क' १९२० साली सुरू झालं. अशा मासिकांचा कागद हलका, वाचून झालं की अंक रद्दीत. त्यातल्या निवडक कथा आज हाती लागतात त्याचं श्रेय संग्रह करणाऱ्यांना. 'ब्लॅक मास्क'चे माजी संपादक जोसेफ शॉ यांनीच १९४६ मध्ये तिथल्या कथांचं पुस्तक केलं. त्याआधी, १९४१ मध्ये, 'एलरी क्वीन' या नावाने लिहिणाऱ्या ब्रुकलिनच्या दोन मावसभावांनी रहस्यकथेच्या शंभर वर्षांचा जाडजूड संग्रह काढला. त्याच वर्षी त्यांचं मासिकही निघालं.

टोनी हिलरमन आणि ऑटो पेन्झलर यांनी २००० साली विसाव्या शतकातल्या अमेरिकी रहस्यकथा निवडल्या. त्यात फॉकनर आणि स्टाइनबेक हे कादंबरीकारही आहेत. मला मात्र पुन्हा पुन्हा ओढून नेते ती सुझन ग्लास्पेलची १९१७ सालची 'अ ज्युरी ऑफ हर पीअर्स'. आयोवात बातमीदार असताना तिने एका शेतकऱ्याच्या खुनाचा खटला पाहिला होता. कथेचं बीज तिथलं. नवऱ्याच्या खुनाच्या संशयावरून बाई तुरुंगात आहे. पुरुष मंडळी पुरावा शोधत माडीवर आणि गोठ्यात फिरतात. खाली स्वयंपाकघरात दोन बायका थांबल्या आहेत. त्यांना अर्धवट शिवलेली गोधडी दिसते. सगळे टाके एकसारखे, फक्त एका तुकड्यावरचे वेडेवाकडे. एकजण ते टाके उसवून नीट घालायला बसते. पुरावा तिच्या हातात आहे आणि ती तो पुसते आहे! घरकाम ज्याने जवळून पाहिलंय त्याला इथे एका शब्दाचंही स्पष्टीकरण लागत नाही.

घरातल्या रहस्याची ही वाट पुढे किती बायकांनी रुंद केली ते सारा वाइनमनच्या 'ट्रबल्ड डॉटर्स, ट्विस्टेड वाइव्ह्ज' (२०१३) या चौदा कथांच्या संग्रहातून कळतं. त्यातल्या शर्ली जॅक्सनच्या कथेत घरातून पळालेली मुलगी तीन वर्षांनी परतते, पण आईवडील तिला ओळखतच नाहीत. खून नाही, गुप्तहेर नाही. तरी जीव घाबरा होतो.

विषय ठरवून लिहून घेतलेले संग्रह मला कमी भावतात. तिथे चौकट आधी येते, कथा मागून. लॉरेन्स ब्लॉकने एडवर्ड हॉपरच्या चित्रांवरून लिहवून घेतलेला संग्रह (२०१६) मात्र जमलेला आहे. याच प्रकारातली, ब्रुकलिनपासून २००४ साली सुरू झालेली शहरवार 'न्वार' (काळोख्या गुन्हेकथांची) मालिका २०१२ मध्ये मुंबईपर्यंत आली.

सुरुवात वाइनमनपासून करा, मग हिलरमनकडे वळा. आणि एका बैठकीत दोनच कथा वाचा. तिसरी घाईत वाचली जाते.