वाऱ्याचा वेग किती होता? ‘निसर्ग’ वादळ आणि चाकणचा पत्रा

आज आपण चिंचवडमध्ये बसलोय. समोरच्यांपैकी बरेच जण शेडमध्ये काम करणारे किंवा शेड चालवणारे असतील. म्हणून वाऱ्याची गोष्ट पत्र्याच्या अंगानेच सांगतो.

३ जून २०२०, दुपार. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं आणि रायगडातून घाट ओलांडून आपल्याकडे आलं. खेड तालुक्यात, म्हणजे चाकणच्याच तालुक्यात, वहागावला घर पडून एक वृद्ध महिला दगावली. कित्येकांचे पत्रे उडाले, पॉलीहाऊस फाटली.

आता साधा प्रश्न: वाऱ्याचा वेग किती होता? आपल्या हवामान खात्याच्या नोंदीत या वादळाचा सर्वाधिक वेग ताशी ११० किलोमीटर आहे. अमेरिकेच्या संयुक्त वादळ इशारा केंद्राच्या नोंदीत तोच १४०. मग खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. आपल्याकडे ३ मिनिटांची सरासरी घेतात, अमेरिकेत १ मिनिटाची. अटलांटिकमधल्या हरिकेनचे आकडेही त्याच मापात येतात. वारा कधी एकसारखा वाहत नाही. जितका वेळ लहान घ्याल, तितका झोताचा कडेलोट आकड्यात दिसतो.

पण सगळा फरक एवढ्यावर ढकलता येत नाही. १ मिनिट आणि ३ मिनिटं यांत थोड्या टक्क्यांचाच फरक पडतो. उरलेला फरक अंदाजाचा आहे. भर समुद्रात वेगमापक लावलेला नसतो. उपग्रहाच्या चित्रातले ढग कसे गुंडाळलेत ते पाहून वेग ठरवतात. अटलांटिकमध्ये विमानं थेट वादळात शिरतात आणि उपकरणं खाली सोडतात. अरबी समुद्रात आपल्याकडे तशी नेहमीची सोय नाही. त्यामुळे ‘११०’ हा काट्यावर तोललेला आकडा नाही, जाणकारांनी केलेला अंदाज आहे.

आणि गंमत पाहा. इमारतींसाठीच्या भारतीय मानकात, आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय. ताशी किती झाले? १४०! पण हे १४० वेगळे. ते ३ सेकंदांच्या झोताचे आहेत, मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटरवर. आकडा तोच, अर्थ निराळा. बातमीत ‘ताशी १४०’ वाचून ‘आपली शेड एवढ्यासाठीच बांधलीय’ असं म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

आपल्या पट्ट्यात चक्रीवादळ क्वचित येतं; वळीव मात्र दरवर्षी. १७ एप्रिल २०२३ ला किवळ्यात वादळी पावसात होर्डिंग कोसळलं आणि पाच जण गेले. वळवाचा वारा मोजताना सरासरी अक्षरशः फसवते. समजा, १० मिनिटांपैकी ९ मिनिटं वारा ताशी २० आणि एकच मिनिट ९० होता. सरासरी काढली तर २७! नोंदवहीत झुळूक, आणि रस्त्यावर झाड आडवं.

त्यात वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. मघाच्या उदाहरणात ९० चा दाब २७ च्या अकरापट आहे. सेकंदाला ३९ मीटर वेगाला दर चौरस मीटरवर साधारण ९३ किलो भार येतो. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब पत्रा धरा: पावणेतीनशे किलोच्या वर. आणि हा भार पत्र्याला बहुतेक वेळा दाबत नाही, वर ओढतो. छताच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ अधिकच. वाऱ्याच्या दिशेचं शटर उघडं राहिलं, तर आत शिरलेली हवा खालून ढकलते, वरून ओढ आहेच. म्हणून वादळाच्या इशाऱ्यानंतर पहिलं काम: शटर बंद. हे सांगायला इंजिनिअर लागत नाही, पण पाळतं कोण! दुसरं, कोपऱ्यातले स्क्रू आणि हुक पावसाळ्याआधी हाताने हलवून बघायचे. गंजलेला स्क्रू खालून दिसत नाही.

काही कंपन्या आता स्वतःचा वेगमापक बसवतात. चांगलंच आहे. पण तो गच्चीच्या कठड्याशी, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावला, तर तो टाकीमागचा वारा मोजतो. मोकळ्यात, १० मीटरवर हवा. उंची दुप्पट झाली की मोकळ्या मैदानात वेग साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि दाब वीस-एकवीस टक्क्यांनी. २० मीटरवरच्या होर्डिंगचा हिशेब १० मीटरच्या आकड्यावर करता येत नाही तो यामुळेच. आणि यंत्र विकत घेताना विक्रेत्याला विचारा: दाखवतो तो वेग किती सेकंदांचा? झोत वेगळा साठवतो का?

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतून हात वर दिसतोय.