वाकळ आणि केराची टोपली

‘टाकाऊ’ हें विशेषण आपण वस्तूला लावतों; परंतु तो वस्तूचा गुण नसून आपल्या कृतीचें वर्णन आहे. फुटकी काच ही काचच असते, फाटकें कापड हें कापडच असतें. आपण तें कोठें टाकतों आणि कशांत मिसळतों, यावरून तें टाकाऊ ठरतें. हा एवढासा भेद ध्यानांत आला तर घरांतील केराचा प्रश्न निम्मा सुटेल, असें मला वाटतें. नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांतील नित्याच्या व्यवहारांच्या आधारें हीच गोष्ट आज उलगडून सांगावयाची आहे.

लातूरची बाजारपेठ तुरीसाठीं आणि डाळीच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. डाळ होतांना निघणारीं टरफलें व चुनी कोणी उकिरड्यावर नेत नाहीं. त्यांचें पशुखाद्य होतें. शेतांत उरलेल्या तुराट्या चुलीला जातात, कुडाला लागतात, त्यांच्या टोपल्याही विणल्या जातात. नांदेडकडील कपाशीच्या पऱ्हाट्यांचेंही तेंच. साखर कारखान्यांत उसाचा चोथा भट्टींत जळून वाफ देतो, मळीपासून मद्यार्क निघतो आणि रस गाळतांना उरलेला गाळ खत म्हणून शेतांत जातो. या साऱ्या व्यवहारांत दोन गोष्टी समान आहेत. पहिली, प्रत्येक पदार्थ वेगळा निघतो आणि वेगळाच राहतो. दुसरी, त्याला घेणारा कोणी तरी ठरलेला असतो. हीं दोन अंगें जेथें शाबूत असतात, तेथें केर सांचत नाहीं.

घरांतील याचें उत्तम उदाहरण म्हणजे वाकळ. पुण्याकडे तिला गोधडी म्हणतात. लुगडें आधीं नेसावयाचें, तें विरलें कीं त्याचें बाळाचें दुपटें करावयाचें, आणि तेंही झिजलें कीं वाकळीच्या थरांत घालावयाचें, असा कापडाचा प्रवास ठरलेला असे. जुन्या कापडाचे चार-सहा थर अंथरून, वर रंगीत ठिगळें मांडून, धावदोऱ्याचे दाट टाके घातले कीं थंडीच्या रात्रीचें पांघरूण तयार होई. यांत कला होती काय? निःसंशय होती. कोणतें ठिगळ कोणाच्या शेजारीं शोभेल, लुगड्याचा काठ कोठून फिरवावा, याचा निवाडा शिवणारीची नजर करी. परंतु ही कला उपयोगाच्या पोटीं जन्मलेली होती. वाकळ अंगावर घ्यावयाची होती, म्हणून ती धुण्यांत टिकणें भाग होतें.

चिंधीचा याहूनही दूरचा प्रवास मराठवाड्यानें पाहिला आहे. दौलताबादजवळील कागजीपुरा हें गांव हातकागदासाठीं पूर्वापार ओळखलें जातें. सुती चिंध्या भिजवावयाच्या, कुटावयाच्या, त्यांचा लगदा पाण्यांत कालवून जाळीवर उचलावयाचा. मग तो दाबून, वाळवून, घोटून गुळगुळीत करावयाचा, अशी ही पद्धति. कापसाचा तंतु चिवट असल्यामुळें असा कागद दीर्घकाळ टिकतो. पुण्यास १९४० सालीं निघालेल्या हातकागद संस्थेनेंही सुती चिंध्यांचा हा उपयोग पुढें चालविला. ज्या कापडानें कोणाचें अंग झांकलें, त्याच्यावरच पुढें विद्येचीं अक्षरें उमटावीं, यापरता चिंधीचा दुसरा सन्मान कोणता?

मग आपल्या शहरी घरांत बिघडलें कोठें? बिघाड त्या एका टोपलींत आहे. भाजीचे देठ, चहाचा चोथा, कालचें वर्तमानपत्र, दुधाची पिशवी, फुटकी बाटली आणि संपलेला सेल, हें सारें आपण एकाच टोपलींत लोटतों. यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तूला स्वतंत्रपणें घेणारा आहे. एकत्र झाल्यावर कोणालाही कोणी घेत नाहीं. ओल्या केरानें कागद कुजतो, प्लॅस्टिकच्या तुकड्यांनीं खत बिघडतें आणि सेलमधील जड धातु मातींत उतरतात. अशा मिश्र केराच्या ढिगाखालीं हवा पोहोंचत नाहीं, म्हणून तेथें मिथेन हा ज्वालाग्राही वायु तयार होतो आणि ढीग दिवसेंदिवस धुमसत राहतात. २०१६ सालच्या घनकचरा नियमांनीं ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरांतच वेगळे करण्याचें कर्तव्य नागरिकांवर टाकलें, त्यामागील कारण हेंच. गाडी दाराशीं येण्यापूर्वीं दोन मिनिटांत जें होतें, तें पुढें शंभर हातांनाही नीट साधत नाहीं.

वेगळ्या केलेल्या वस्तूंचें भवितव्यही सारखें नसतें. काच आणि ॲल्युमिनियम पुनःपुन्हां वितळवितां येतात. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवें करण्यास, खनिजापासून करण्याच्या मानानें, सुमारें ५ टक्केच ऊर्जा लागते. कागदाचा तंतु मात्र प्रत्येक फेरींत आखूड होतो. प्लॅस्टिकचाही कस प्रत्येक वितळणीला उतरतो, आणि फराळाच्या पदार्थांचीं अनेक पापुद्र्यांचीं चकचकीत वेष्टनें तर बहुतेक ठिकाणीं कोणीच घेत नाहीं. म्हणून अशा वस्तूंच्या बाबतींत शहाणपणाची जागा केराच्या टोपलीपाशीं नसून दुकानाच्या फळीपाशीं आहे. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदां वापरून फेंकण्याच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तु देशभर निषिद्ध झाल्या. परंतु घरून निघतांना कापडी पिशवी खांद्याला लावण्याचें काम कोणताही कायदा आपल्यासाठीं करणार नाहीं.

पाण्यालाही हाच न्याय लागू आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी, जवळजवळ साडेतीनशें किलोमीटरांवरून आलें. अशा दिवसांत तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीला आणि कपडे धुतलेलें पाणी फरशीला, हा क्रम कोणास शिकवावा लागत नाहीं. प्रश्न एवढाच, कीं धरण भरल्यावर तो क्रम आपण सोडावा काय? तिकडे नांदेडास गोदावरी घाटाशींच आहे, म्हणून निर्माल्य तिच्या स्वाधीन करणें सोपें वाटतें. देवाला वाहिलेलें फूल नदींत कुजून तिच्या पाण्यांतील प्राणवायु ओढतें. तेंच परसांतील वा गच्चीवरील कुंडींत वाळक्या पानांबरोबर घातलें तर दोन-तीन महिन्यांत त्याचें खत होतें. यांत देवाचा अनादर होत नाहीं. नदीचा आदर मात्र होतो.

आतां कलेविषयीं. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हें वाक्य शाळांच्या प्रदर्शनांतून सर्वत्र दिसतें. मुलांच्या बोटांना चाळा आणि कल्पनेला वाव मिळतो, हा लाभ मोठा आहे. परंतु एक शंका मांडावीशी वाटते. बाटलीला डिंक, चमकी आणि प्लॅस्टिकचीं फुलें चिकटवून केलेली फुलदाणी आठ दिवसांनीं केरांत जाते, आणि आतां ती बाटली काचेच्या कारखान्यालाही नकोशी झालेली असते. हें टिकाऊ कसें म्हणावें? कसोटी सोपी आहे: केलेली वस्तु वापरली जाईल काय, आणि ती झिजल्यावर तिचे भाग पुन्हां सुटे होतील काय? वाकळ या कसोटीस उतरते. किनवट-माहूरकडील बंजारा तांड्यांतील स्त्रिया आरशाचे तुकडे, कवड्या आणि जुनीं नाणीं कापडावर टांकतात. तें भरतकाम वर्षानुवर्षें अंगावर वागतें, म्हणून तेंही उतरतें. चंडीगढचे नेकचंद हे रस्त्यांवर देखरेख करणारे सरकारी नोकर. त्यांनीं १९५७ च्या सुमारास फुटक्या बांगड्या, कपबशा आणि फरशांचे तुकडे जमवून गुपचूप मूर्ति घडविण्यास आरंभ केला. १९७६ सालीं त्यांचें तें उद्यान लोकांसाठीं उघडलें आणि आजही लोक तेथें जातात. केराचें ओझें दुसऱ्यावर न ढकलतां त्याला कायमची जागा देणें, हें त्या कलेचें बळ आहे.

शेवटीं एक गोष्ट माणसांविषयीं. आपण मिसळलेलें कोणी तरी हातांनींच निवडतें. बहुधा तें गरीब स्त्रियांचे हात असतात, आणि त्यांत पाती व काचा आपण पाठविलेल्या असतात. पातें कागदांत गुंडाळून वेगळें देणें हा उपकार नव्हे, साधी माणुसकी आहे. अंगावर चिंध्यांचें वस्त्र आणि हातांत गाडगें घेऊन संत गाडगेबाबा गांवोगांव गेले. दिवसा त्यांनीं खराटा चालविला आणि रात्रीं कीर्तन केलें. केर काढणारा हात हलका नसतो, हें त्यांनीं शब्दांपूर्वीं कृतीनें सांगितलें. त्यांचें नांव घेणाऱ्या घरानें आपल्या स्वयंपाकघरांत एका टोपलीच्या तीन टोपल्या कराव्या आणि जुन्या लुगड्याची एक तरी वाकळ शिवून घ्यावी, एवढीच आजची विनंति.